आई-बाबांसाठी रॅम्प, जुन्या घरासाठी करसवलत: कॅलिफोर्नियात सिटीकडे अर्ज कसा करावा

कॅलिफोर्नियात घर घेतलं, आई-बाबा कायमचे राहायला आले आणि दारापुढच्या पाच पायऱ्याच मोठी अडचण होऊन बसल्या, हे सांता क्लारा, सॅन होजेकडच्या मराठी घरांना आता नवीन नाही. त्यात घर जुनं असलं, १९०५ च्या सुमाराचं लाकडी क्वीन ॲन किंवा १९२० च्या आसपासचा क्राफ्ट्समन बंगला, तर सिटीच्या प्लॅनिंग खात्याशी दोन कारणांनी गाठ पडते. एक, रॅम्प घरापुढे मोकळ्या सोडायच्या जागेत येतो. दुसरं, घर शहराच्या ऐतिहासिक यादीत असेल तर दर्शनी भागाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. त्याच यादीमुळे प्रॉपर्टी टॅक्स निम्म्यावर येऊ शकतो, हे मात्र अनेकांना घर घेऊन चार वर्षं झाली तरी माहीत नसतं.

पहिल्यांदाच सिटी हॉलची पायरी चढणाऱ्यांसाठी दोन्ही कामांची वाट इथे सांगितली आहे.

हक्क कोणता आणि करार कोणता

पहिला अर्ज 'रिझनेबल अकोमोडेशन'चा. १९६८ चा केंद्रीय फेअर हाउसिंग ॲक्ट १९८८ मध्ये दुरुस्त झाला, तेव्हा दिव्यांग व्यक्तींविरुद्धचा भेदभाव त्याच्या कक्षेत आला. दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखं घरात राहता यावं म्हणून नियम वाजवी प्रमाणात सैल करायला नकार देणं, हाच तिथे भेदभाव ठरतो. हा कायदा घरमालकाला लागू आहे, तसा सिटीच्या झोनिंगलाही, म्हणजे कुठे काय आणि कसं बांधायचं याच्या नियमांनाही आहे. राज्याचा कायदा आणखी उदार आहे. केंद्रीय कायद्यात चालणं, ऐकणं अशी एखादी मुख्य क्रिया 'लक्षणीय' प्रमाणात मर्यादित व्हावी लागते, कॅलिफोर्नियात ती मर्यादित झाली एवढं पुरतं. यात नागरिकत्वाची अट नाही.

दुसरा अर्ज मिल्स ॲक्टचा. सॅन डिएगोचे राज्य सिनेटर जेम्स मिल्स यांच्या नावाचा हा १९७२ चा कायदा. ऐतिहासिक घराचा मालक आणि सिटी यांच्यात करार होतो: मालकाने घर जपायचं, त्या बदल्यात टॅक्स कमी. सिटीने ही योजना राबवलीच पाहिजे असं बंधन नाही, आणि राबवत असली तरी प्रत्येक अर्ज मान्य करण्याचंही नाही.

हा फरक नीट कळला की अर्जाची भाषा आपोआप बदलते. पहिल्यात गरज सिद्ध करायची असते. तिथे घर किती सुंदर आहे, शेजारी किती खूश आहेत हे लिहून काही साधत नाही. दुसऱ्यात आपण घरासाठी काय करणार हे सांगायचं असतं, तिथे आपली गरज कोणी विचारत नाही. दोन्ही एकाच पत्रात कालवली की फाइल महिनोन्‌महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

दोन्हींकडे निर्णय 'फाइंडिंग्ज'वर होतो. फाइंडिंग्ज म्हणजे अर्ज मंजूर किंवा नामंजूर करताना सिटीला लेखी नोंदवावे लागणारे ठरावीक मुद्दे. ते शहराच्या म्युनिसिपल कोडमध्ये छापलेले असतात आणि कोड ऑनलाइन फुकट वाचता येतो. अर्ज लिहायला बसण्याआधी ते पान काढा आणि प्रत्येक मुद्द्याला एक परिच्छेद द्या. अर्ज तपासणाऱ्या प्लॅनरला आपला अहवाल त्याच मुद्द्यांवर लिहायचा असतो. तुम्ही त्याचं काम सोपं केलंत की तुमचं काम लवकर होतं.

सिटीत जाण्याआधी

प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर एपीएन, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक असतो. तो घेऊन प्लॅनिंग खात्याला ईमेल करा आणि चारच गोष्टी विचारा: माझं झोनिंग कोणतं, चारी बाजूंचे सेटबॅक किती, घर कोणत्या ऐतिहासिक यादीत किंवा डिस्ट्रिक्टमध्ये आहे का, आणि रिझनेबल अकोमोडेशनचा नियम कोडच्या कोणत्या कलमात आहे. सेटबॅक म्हणजे महाराष्ट्रात ज्याला आपण सामासिक अंतर म्हणतो तेच. काउंटरवर तोंडी मिळालेलं उत्तर सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही. ईमेल राहतो.

घर एचओएमध्ये, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या वसाहतीत असेल तर तिथला अर्ज वेगळा. राज्याच्या सिव्हिल कोडचं कलम ४७६० मालकाला दिव्यांग व्यक्तीच्या सोयीसाठी बदल करू देतं आणि एचओएला सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. बाहेरच्या बदलाने इतर रहिवाशांची वाट अडायला नको, आणि ती व्यक्ती तिथे राहीनाशी झाली की बदल काढावा लागतो, एवढ्या अटी आहेत. भाड्याच्या घरातही वाजवी बदल करण्याचा हक्क आहे, पण खर्च सहसा भाडेकरूचा.

रॅम्पचं गणित आधी मांडा

टेप घ्या आणि दारासमोरची जमीन व दाराचा उंबरठा यांच्यातली उभी उंची मोजा. पायऱ्या मोजून अंदाज करू नका, कारण जुन्या घरांत प्रत्येक पायरी वेगळी असते. समजा पाच पायऱ्या आहेत आणि उंची ३५ इंच भरली. १:१२ उतार म्हणजे प्रत्येक इंच चढाला एक फूट लांबी. झाले ३५ फूट. सार्वजनिक इमारतींच्या मापदंडात ३० इंच चढानंतर सपाट टप्पा लागतो. खासगी घराला ते सगळे मापदंड लागू नसले तरी व्हीलचेअर ढकलणाऱ्याच्या हातांना ते लागू असतात. वर, मध्ये आणि खाली असे पाच-पाच फुटांचे तीन टप्पे धरले की एकूण ५० फूट. जुन्या वस्त्यांमध्ये अख्खा प्लॉटच अनेकदा ५० फूट रुंद असतो. म्हणजे सरळ रॅम्प बसत नाही, तो दुमडावा लागतो, आणि दुमडला की पुढच्या किंवा बाजूच्या सेटबॅकमध्ये शिरतो.

रुंदी दोन कठड्यांच्या मध्ये किमान ३६ इंच मोकळी हवी, ४८ मिळाली तर उत्तम. वळणाचा टप्पा ६० इंच बाय ६० इंच. नकाशावर कठड्यांची जाडी न धरल्यामुळे प्रत्यक्षात ३६ चे ३३ होतात आणि व्हीलचेअर चालवणाऱ्याची बोटं खरचटतात. ही चूक फार सर्रास होते.

हे गणित अर्जात जसंच्या तसं घाला. 'रॅम्प हवा' या दोन शब्दांपेक्षा '३५ इंच चढासाठी ५० फूट लागतात आणि सेटबॅकच्या आत फक्त १८ फूट उपलब्ध आहेत' हे वाक्य फाइंडिंग सिद्ध करतं. १८ हा आकडा उदाहरणाचा आहे, तुमचा आकडा तुम्ही मोजून घाला.

सिटी बहुतेक वेळा उभ्या प्लॅटफॉर्म लिफ्टचा पर्याय सुचवते, कारण तिला जागा कमी लागते. तो पर्याय चालत असेल तर घ्या, जुन्या घराच्या दर्शनी भागासाठी तो बरा असतो. चालत नसेल तर कारण लिहा. उदाहरणार्थ, आईला लिफ्टचं बटण सतत दाबून धरता येत नाही, किंवा तुमच्या भागात वीज जाते आणि लिफ्टखेरीज बाहेर पडायला दुसरी वाट नाही. बॅटरी बॅकअप असलेली लिफ्ट घेता येईल का, हा प्रश्न सिटी विचारणारच. त्याचंही उत्तर तयार ठेवा.

रिझनेबल अकोमोडेशनचा अर्ज, पायरीपायरीने

पहिली पायरी, मागणी एका वाक्यात. 'अमुक पत्त्यावरच्या घराला कलम अमुकमधला २० फुटांचा पुढचा सेटबॅक शिथिल करून रॅम्पसाठी ९ फूट करावा.' कोणता नियम, किती सैल, हे आलंच पाहिजे. सिटीचा छापील फॉर्म असेल तर तो वापरा, पण फॉर्म नाही म्हणून मागणी बाद होत नाही.

दुसरी पायरी, कोणासाठी. कायद्याची भाषा त्या घरात राहणाऱ्या किंवा राहणार असलेल्या व्यक्तीची आहे. अर्ज मुलाच्या किंवा सुनेच्या नावाने करता येतो, मात्र दिव्यांग व्यक्ती इथे राहते किंवा राहणार आहे हे स्पष्ट लिहा. 'आई-बाबा अधूनमधून येतात' एवढ्यावर गरज पटवणं अवघड जातं.

तिसरी पायरी, डॉक्टरांचं पत्र. अपंगत्व उघड दिसत असेल, म्हणजे व्यक्ती व्हीलचेअरवरच असेल, तर पुरावा मागण्याची गरज नसते. नसेल तर डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा परिस्थिती जाणणाऱ्या अन्य विश्वासार्ह व्यक्तीचं पत्र पुरतं. वैद्यकीय फाइल द्यायची नाही, रोगाचं नावसुद्धा लिहिण्याची गरज नाही. पत्रात तीन गोष्टी हव्यात: व्यक्तीला कायद्याच्या व्याख्येत बसणारं अपंगत्व आहे, त्यामुळे तिला पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत, आणि घरात ये-जा करण्यासाठी पायऱ्यांविना वाट तिला आवश्यक आहे. शेवटचा शब्द महत्त्वाचा. डॉक्टर घाईत 'रॅम्पचा रुग्णाला फायदा होईल' असं लिहून देतात. फायदा आणि गरज यांत अर्ज पडण्याइतकं अंतर आहे. पत्र हातात पडल्यावर तिथेच वाचा आणि दुरुस्त करून घ्या.

सिटीला दिलेले कागद सार्वजनिक दप्तरात जाऊ शकतात. म्हणून पत्र वेगळ्या पाकिटात द्या, वर 'गोपनीय वैद्यकीय माहिती' असं इंग्रजीत लिहा, आणि ते ऑनलाइन अजेंड्याला जोडू नये अशी विनंती ईमेलने करा. आईच्या दुखण्याचा तपशील गावाने वाचावा, हे कुठल्याच कायद्याला अपेक्षित नाही.

चौथी पायरी, फाइंडिंग्ज. शब्द शहरागणिक बदलतात, पण गाभा चार मुद्द्यांचा असतो: घर दिव्यांग व्यक्ती वापरणार आहे, सवलत त्या व्यक्तीसाठी आवश्यक आहे, सिटीवर अवाजवी आर्थिक किंवा प्रशासकीय भार पडत नाही, आणि झोनिंगच्या व्यवस्थेचा पायाच बदलत नाही. पहिले दोन तुम्ही सिद्ध करायचे. पुढचे दोन बहुधा दोन ओळींत आटोपतात: रॅम्पचा खर्च मालकाचा, घर एका कुटुंबाचंच राहतं. काही शहरं 'शेजारावर परिणाम' आणि 'दुसरा पर्याय नाही' हेही मुद्दे जोडतात. तेव्हा लिफ्ट, मागचं दार, बाजूचं दार असे तुम्ही तपासलेले पर्याय आणि ते का बसत नाहीत, हे मापांसह द्या.

पाचवी पायरी, व्हेरियन्सच्या, म्हणजे झोनिंगच्या नियमातून मिळणाऱ्या नेहमीच्या सुटीच्या वाटेला जाऊ नका. काउंटरवर नवा माणूस असला की 'सेटबॅक मोडतोय? मग व्हेरियन्सचा अर्ज करा' असं सांगितलं जातं. व्हेरियन्स मिळतो जमिनीच्या अडचणीसाठी: प्लॉटचा आकार, उतार, परिसर. माणसाच्या अडचणीला त्यात जागाच नाही. त्यामुळे सपाट, चौकोनी प्लॉटवरच्या आजींचा अर्ज तिथे हमखास पडतो, शिवाय फी आणि जाहीर सुनावणी वाट्याला येते ती वेगळीच. याच कारणासाठी मे २००१ मध्ये राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल बिल लॉकयर यांनी शहरांना पत्र लिहून रिझनेबल अकोमोडेशनची स्वतंत्र पद्धत आणायला सांगितलं होतं. काउंटरवर नम्रपणे, पण नेमके हेच दोन शब्द वापरा: रिझनेबल अकोमोडेशन.

अर्ज गेला की निर्णय सहसा प्लॅनिंग डायरेक्टर कार्यालयातच देतात. अनेक शहरांच्या नियमात त्यासाठी ३० किंवा ४५ दिवस असतात. मुदत संपत आली की विचारणा करा. अवाजवी उशीर हा नकारासारखाच धरला जाऊ शकतो, म्हणून अर्ज दिल्याची तारीख असलेली पोच जपून ठेवा. मंजुरीसोबत 'गरज संपल्यावर रॅम्प काढावा' अशी अट येऊ शकते. लाकडी, सुटा होणारा रॅम्प असेल तर तिची भीती नको. मंजुरी म्हणजे बिल्डिंग परमिट नव्हे. ते वेगळं घ्यावं लागतं आणि त्याची फीही वेगळी.

नकार आला तर पत्राचा शेवटचा परिच्छेद आधी वाचा. अपिलाची मुदत तिथे असते आणि ती फार थोडी, साधारण १० ते १५ दिवस असते. सिटीतल्या अपिलाशिवाय केंद्राच्या हाउसिंग खात्याकडे, म्हणजे हडकडे, एका वर्षाच्या आत तक्रार करता येते, आणि फेअर हाउसिंग ॲक्टखाली कोर्टात जायला दोन वर्षं असतात. हडच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही.

सहा किंवा कमी जणांचं परवानाधारक केअर होम चालवणाऱ्यांसाठी एवढंच: राज्याचा कायदा अशा घराला झोनिंगच्या दृष्टीने एका कुटुंबाचं घर मानायला सांगतो. तिथे अनेकदा या अर्जाची गरजच पडत नाही.

घर ऐतिहासिक असेल तेव्हा

ऐतिहासिक यादीचे नियमही सिटीचे नियमच आहेत, त्यामुळे त्यांच्यातही वाजवी सवलत मागता येते. पण इथे हक्काचा सोटा उगारण्याआधी आराखडा हुशारीने केला तर बहुतेक वेळा भांडणाची वेळच येत नाही. हेरिटेज कमिशन, म्हणजे सिटीची ऐतिहासिक वास्तूंची समिती, केंद्राच्या इंटिरियर खात्याच्या सेक्रेटरींच्या पुनर्वसन मानकांवर निर्णय देते. मानकं दहा आहेत, रॅम्पला त्यातली शेवटची दोन लागतात: नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू यावं, आणि पुढे कधी काढलं तर मूळ घर जसंच्या तसं राहावं.

याचा प्रत्यक्षातला अर्थ असा. रॅम्प शक्यतो बाजूच्या किंवा मागच्या दाराला न्या. पुढेच न्यायचा तर तो स्वतःच्या खांबांवर उभा करा, पोर्चच्या मूळ लाकडात बोल्ट मारू नका, फळी आणि पोर्च यांच्यात अर्धा इंच फट ठेवा म्हणजे पाणी साचून जुनं लाकूड कुजणार नाही. मूळ पायऱ्या तोडू नका, रॅम्प त्यांच्यावरून किंवा शेजारून जाऊ द्या. कठडा साधा ठेवा. जुन्या नक्षीच्या कठड्याची नक्कल करण्यात पैसे घालवले जातात आणि कमिशन नेमकं तेच नाकारतं, कारण नवं जुन्यासारखं भासवणं मानकांत बसत नाही.

दाराचंही तसंच. १९१० चं ३२ इंची मूळ दार ९० अंशांत उघडलं की दाराच्या जाडीमुळे मोकळी वाट ३० इंचांच्या आसपास उरते. दार बदलून ३६ इंची बसवायचं म्हटलं की चौकट, वरची रंगीत काच, सगळंच जातं. त्याऐवजी ऑफसेट बिजागऱ्या लावा. दार पूर्ण बाजूला सरकतं आणि दीड इंचाच्या पुढेमागे वाट वाढते. काम तासाभराचं आणि एक लाकडी चिपही न जाणारं. जुनी बिजागरी पिशवीत घालून, तारीख लिहून माळ्यावर ठेवा.

कॅलिफोर्नियात ऐतिहासिक इमारतींसाठी वेगळा बिल्डिंग कोड आहे, स्टेट हिस्टॉरिकल बिल्डिंग कोड. यादीत असलेल्या घराचा मालक तो लावण्याची मागणी करू शकतो. नेहमीच्या कोडमधलं एखादं माप मूळ बांधकाम मोडल्याशिवाय बसत नसेल, तर तिथे पर्यायी उपाय मान्य होतो. बिल्डिंग इन्स्पेक्टरला स्वतःहून तो आठवेलच असं नाही. नकाशाच्या पहिल्या पानावर 'पात्र ऐतिहासिक इमारत' असं लिहून द्या.

अकोमोडेशनचा अर्ज आणि हेरिटेज परवानगी या दोन्हींना एकच नकाशा जोडा. दोन खात्यांनी दोन वेगळे रॅम्प मंजूर केले की बिल्डिंग परमिट अडकतं.

मिल्स ॲक्ट: आधी फायदा होतो का ते पाहा

शहरात योजना आहे का, हा पहिला प्रश्न. लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड, सॅन होजे, सांता क्लारा यांच्याकडे आहे. घर राष्ट्रीय, राज्य, काउंटी किंवा शहराच्या नोंदवहीत असलं पाहिजे. नुसतं शंभर वर्षांचं असून भागत नाही.

मग गणित. काउंटी असेसर तीन किमती काढतो आणि सर्वांत कमी किमतीवर टॅक्स लावतो: बाजारभाव, १९७८ च्या प्रपोझिशन १३ नुसार खरेदीच्या किमतीत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ धरून येणारी किंमत, आणि मिल्स ॲक्टची किंमत. ही तिसरी किंमत घराच्या संभाव्य भाड्यावरून निघते, तुम्ही स्वतः राहत असलात तरी. नमुन्यादाखल गोल आकडे घेऊ. भाडं महिना ६,५०० डॉलर, वर्षाचे ७८,०००. रिकामे दिवस, विमा, देखभाल यांचे १८,००० वजा, उरले ६०,०००. आता भागायचा दर: राज्याचं बोर्ड ऑफ इक्वलायझेशन दर वर्षी ठरवतं तो व्याजदर, समजा ६ टक्के, जोखमीचे ४ टक्के, हे मालक स्वतः राहत असलेल्या एका कुटुंबाच्या घराला, बाकीच्यांना २, टॅक्सचा दर १.२, आणि बांधकामाच्या झिजेचे ०.८. बेरीज १२ टक्के. ६०,००० भागिले ०.१२ म्हणजे ५ लाख डॉलर.

हेच घर तुम्ही नुकतंच १५ लाखांना घेतलं असेल तर टॅक्स १८,००० वरून ६,००० वर येतो. शेजारच्यांनी तसंच घर १९८५ मध्ये घेतलं आणि प्रपोझिशन १३ मुळे त्यांची किंमत आज ४ लाखच असेल, तर त्यांना दमडीचाही फायदा नाही, उलट कराराची बंधनं तेवढी गळ्यात पडतील. सर्वसाधारण बचत ४० ते ६० टक्के सांगितली जाते. ती प्रामुख्याने अलीकडे घर घेतलेल्यांची, म्हणजे बहुतेक मराठी मालकांची. बिलातले शाळा-पाणी वगैरेंचे ठरावीक रकमेचे पार्सल टॅक्स मात्र कमी होत नाहीत.

केंद्र सरकारची ऐतिहासिक इमारतींसाठीची २० टक्के करसवलत वेगळी. ती उत्पन्न देणाऱ्या इमारतींना मिळते, स्वतः राहायच्या घराला नाही.

अर्जाचा जीव: दहा वर्षांचा आराखडा

करार किमान दहा वर्षांचा असतो आणि दर वर्षी आपोआप एक वर्ष पुढे सरकतो. म्हणून सिटी दहा वर्षांच्या कामांचं वेळापत्रक मागते. पहिल्या दोन वर्षांत घर वाचवणारी कामं घाला: पाया, छप्पर, पन्हाळी. नंतर खिडक्या, बाहेरच्या फळ्या, पोर्चचे खांब. रंग शेवटी. स्वयंपाकघराचं नूतनीकरण, नवी फरशी, बागकाम हे धरलं जात नाही. अर्जाआधी उरकलेली कामंही बहुधा नाहीत, म्हणून छप्पर बदलायचं ठरलं असेल तर थांबता येत असेल तेवढं थांबा.

सर्वांत जास्त अर्ज खिडक्यांवर अडतात. '१४ खिडक्या बदलणे' असं लिहिलं की फाइल परत. जुनी रेडवुडची चौकट दिसायला कितीही खराब असली तरी टोच्याने तपासा. खालच्या आडव्या पट्टीत टोक पाव इंचाच्या आत अडलं तर लाकूड शाबूत आहे, फक्त रंग आणि पुट्टी गेली आहे. लोण्यासारखं आत गेलं तर तेवढाच तुकडा कापून त्याच जातीच्या लाकडाचं ठिगळ बसवतात. दोऱ्या तुटलेल्या, खिडकी रंगाने चिकटलेली, काच खुळखुळणारी, हे सगळं दुरुस्त होतं. आराखड्यात प्रत्येक खिडकीला क्रमांक द्या, फोटो लावा आणि '१४ पैकी ११ दुरुस्ती, ३ ला खालची पट्टी नवी' असं लिहा. व्हायनिलच्या खिडक्या सिटी नाकारते, कारण त्यांच्या जाड पट्ट्यांनी काचेचं मूळ माप आणि सावलीची रेघ जाते. १९७८ पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून लेड-सेफ प्रमाणपत्र असलेलाच कंत्राटदार लावा. घरात नातवंडं रांगत असतील तर हे कागदापेक्षा मोठं आहे.

प्रत्येक कामाला लेखी अंदाजपत्रक जोडा आणि एकूण खर्च दहा वर्षांच्या बचतीशी ताडून पाहा. १,२०,००० डॉलर वाचणार आणि कामं २५,००० ची, असा आराखडा कमिशनला पटत नाही.

सुनावणी आणि तारखा

हेरिटेज कमिशन शिफारस करतं, करार काउन्सिल मंजूर करते. नियमित बैठकीचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावावा लागतो. तुमचा विषय 'कन्सेंट कॅलेंडर'वर असेल तर चर्चेविना एका मतात मंजूर होतो, तरी हजर राहा, कारण कोणीही सदस्य तो बाहेर काढू शकतो. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. आजी-आजोबांना स्वतः मराठीत बोलायचं असेल तर दुभाष्यासह बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो, अशी तरतूद राज्याच्या जाहीर सभांच्या ब्राउन ॲक्टमध्ये आहे. आधी क्लार्कला कळवून ठेवा.

मंजुरीनंतर नोटरीसमोर सह्या, आणि २० दिवसांत काउंटी रेकॉर्डरकडे नोंदणी. नोंदणी ३१ डिसेंबरच्या आत झाली पाहिजे, कारण असेसरची तारीख १ जानेवारी आहे. ती चुकली की जुलैपासूनच्या वर्षाची सवलत गेली. सिटीच्या अर्जाची खिडकी अनेकदा वसंतातच बंद होते, त्यामुळे फोटो आणि अंदाजपत्रकं जानेवारीत जमवायला लागा.

करार जमिनीबरोबर जातो. घर विकलं की तो नव्या मालकाला बांधतो, म्हणून विक्रीच्या कागदात त्याचा उल्लेख करा. करारातून बाहेर पडायचं तर नूतनीकरणाच्या तारखेआधी किमान ९० दिवस नोटीस द्या. त्यानंतर उरलेली वर्षं करार चालू राहतो आणि टॅक्स हळूहळू चढत जातो. अटी मोडल्या म्हणून सिटीने करार रद्द केला तर दंड बाजारभावाच्या १२.५ टक्के: १५ लाखांच्या घराला १,८७,५०० डॉलर. परवानगीविना पुढच्या दाराशी ठोकलेला रॅम्पही अशा वादाचं कारण होऊ शकतो, म्हणून करार आधी झाला असेल तर रॅम्पची हेरिटेज परवानगी लेखीच घ्या.

पहिलं कमी झालेलं बिल शरद ऋतूत येतं. टॅक्स बँकेच्या एस्क्रोमधून, म्हणजे कर्जाच्या हप्त्याबरोबर बँक टॅक्सचे पैसे जमा करते त्या खात्यातून जात असेल तर ते बिल बँकेला पाठवून हप्ता नव्याने काढायला सांगा, नाहीतर ती जुन्याच हिशेबाने पैसे कापत राहते. सिटी दर पाच वर्षांनी घराची पाहणी करते, आतूनही. त्या दिवशी प्रत्येक कामाचा आधीचा फोटो, नंतरचा फोटो, परमिट आणि पावती वर्षवार लावलेली एक फाइल टेबलावर ठेवा. ठरलेलं काम मागे पडलं असेल तर पाहणीची वाट न बघता आधीच पत्र देऊन वर्ष बदलून घ्या. पत्र आधी गेलेलं असलं तर सिटी बहुधा अडवत नाही.